पास, दुरुस्ती, बाद

मित्रांनो, माझी मान वाकडी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही हसायला नको. मी एक जुना टेबलावरचा दिवा आहे. माझी मान तारेच्या वेटोळ्यांची आहे. ती हवी तिकडे वळवली की तिथेच राहते, निदान पूर्वी तरी राहायची. डोक्यावर पत्र्याची हिरवी टोपी आहे आणि बूड जड लोखंडाचे आहे. ज्या कारागिराने मला जोडले, त्याने माझी मान कितीतरी वेळा इकडून तिकडे वाकवून पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "हा कोणापुढे ताठ राहणार नाही, पण मोडणारही नाही." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

काही महिने मी दुकानाच्या फळीवर धूळ खात बसलो होतो. मग एके दिवशी कपडे शिवण्याच्या कारखान्यातला मास्तर आला आणि मला घेऊन गेला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिवणकामात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. हा मास्तर कापड कापायचा, बायकांना काम वाटून द्यायचा आणि दिवसातून दहा वेळा कपाळाला हात लावायचा. मनाने चांगला होता, पण लाजरा इतका की बायकांशी बोलताना त्याचे डोळे मोजपट्टीवरच असायचे.

त्या कारखान्यात एका लांबलचक खोलीत तीस-बत्तीस बायका काम करायच्या. शाळेचे पांढरे शर्ट शिवायचे काम होते. तुमच्या थोरल्या भावाबहिणींनी शाळेत घातलेला एखादा शर्टही कदाचित माझ्या उजेडाखालून गेला असेल. कारण माझी नेमणूक झाली होती तपासणीच्या टेबलावर. शिवून झालेला प्रत्येक शर्ट माझ्यासमोर पसरला जाई. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा टाका सुटला तर पिवळ्या उजेडात तो दिसत नाही, म्हणून मला खास पांढरा बल्ब दिला होता. मी त्या बल्बाचा फार तोरा मिरवत असे.

त्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सगळे दुर्बीण म्हणायचे. तिचे नाव काहीतरी दुसरे होते, पण ते फक्त हजेरीपटावर होते. वय चाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळी, आणि नजर अशी की सुटलेला टाका तिला दुरूनच दिसायचा. तिच्या टेबलाखाली तीन टोपल्या होत्या. एक पासची, एक दुरुस्तीची आणि एक बादची. ती शर्ट उजेडात धरायची, बाही उलटून पाहायची, काजावरून अंगठा फिरवायची आणि एक शब्द बोलायची. "पास." "दुरुस्ती." बाद हा शब्द मात्र तिच्या तोंडून सहज निघत नसे. शिवणाऱ्या बायका नाक मुरडायच्या. "हिच्या हाताखालून शर्ट सुटला म्हणजे गंगेत घोडं न्हालं," म्हणायच्या. पण तिने पास केलेला एकही शर्ट कधी परत आला नाही, हेही त्यांना माहीत होते.

आठ वर्षे मी तिच्याबरोबर काम केले. तिने एकही खाडा केला नाही. सकाळी आल्याबरोबर ती पदराने माझी टोपी पुसायची. कोणी माझी मान जोरात ओढली तर ती खेकसायची, "हळू! त्यालाही जीव आहे." मला जीव आहे की नाही हे मला माहीत नाही, पण ती असे म्हणाली की बरे वाटायचे.

मग हळूहळू काहीतरी बिनसले. मित्रांनो, ते मला सर्वांत आधी दिसले आणि सर्वांत उशिरा कळले. दुर्बीण मधेच काम थांबवून टेबलाची कड घट्ट धरायची. तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. शिवताना उरलेल्या कापडाच्या तुकड्यांना कातरण म्हणतात, त्याची मोठी टोपली आमच्या टेबलाशेजारीच असायची. ती आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यातले मऊ सुती तुकडे उचलायची, घडी करायची आणि आपल्या पिशवीत तळाशी ठेवायची. आता कातरण घरी न्यायला सक्त मनाई होती. माझी दुर्बीण, जिने कधी कोणाची टाचणी उचलली नाही, ती चिंध्या चोरत होती! मला तिचा राग आला. हे मी आज कबूल करतो, कारण मी तेव्हा मूर्ख होतो.

मोठ्या बायकांना दर महिन्याला पाळी येते, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. दुर्बिणीचे मात्र पाळी नसतानाही मधेच रक्त जात होते. एक महिना नाही, दोन महिने नाही, सात महिने. विकतचे पॅड रोज रोज आणणे तिला परवडत नव्हते आणि घरातले जुने कपडे फाडून संपले होते. ती कोणाला काही बोलली नाही. नवऱ्याला नाही, दोन्ही मुलींना नाही. तोंडाला कुलूप लावून ती दुसऱ्यांच्या शर्टांतल्या चुका शोधत राहिली.

एके दिवशी दुपारी एक नर्स कारखान्यात आली. तिला सगळे सिस्टर म्हणत. ती ठेंगणी, घाईत चालणारी आणि मोठ्या आवाजात बोलणारी बाई होती. ज्या बायकांना दवाखान्यात जायला ना वेळ असतो ना पैसा, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन ती त्यांची तपासणी करायची. ती माझ्या टेबलाजवळच मास्तरशी बोलली, म्हणून मी सगळे ऐकले.

"परवा येते मी. सगळ्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आणि छातीची तपासणी. कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. एक पैसा लागणार नाही. फक्त एक बंद खोली द्या, आणि कोणाचा खाडा मांडू नका."

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "हो, हो. कळलं, कळलं. सांगतो मी त्यांना."

"नीट सांगा हं. घाबरतात बायका."

"अहो, फळ्यावरच लिहितो की!"

दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळी मास्तर खडू घेऊन फळ्यापाशी गेला. फळा अगदी माझ्यासमोर होता. त्याने 'गर्भ' एवढी दोन अक्षरे लिहिली. मग मागे वळून पाहिले. बत्तीस बायका. त्याने घाईघाईने ती दोन अक्षरे तळहाताने पुसली. छातीचा तर त्याने विषयच काढला नाही. शेवटी फळ्यावर उरले ते असे: 'उद्या सर्व महिलांची पिशवी तपासणी होईल. कोणीही चुकवू नये.' एवढे लिहून तो जो पसार झाला, तो त्या दिवशी परत दिसला नाही.

मित्रांनो, आपल्या भाषेत बायका गर्भाशयाला साधेपणाने पिशवी म्हणतात. पण बाजारात न्यायची तीही पिशवीच, आणि डबा ठेवायची तीही पिशवीच. त्यातून आठवड्यापूर्वीच बटणांचा एक अख्खा पुडा हरवला होता. मग काय, फळा वाचल्याबरोबर खोलीत आगडोंब उसळला.

"म्हणजे आता आमच्या पिशव्या झडणार? आम्ही काय चोर आहोत?"

"बटणं गेली याच्या गलथानपणानं, आणि झडती आमची!"

"उद्या मी पिशवीच आणत नाही. डबा हातात धरून येते. बघू दे काय बघायचं ते."

सर्वांत जास्त तापल्या त्या मावशी. त्या धागे कापायच्या, म्हणजे शिवलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कातरायच्या, आणि कातरणाची टोपलीही त्याच भरून ठेवायच्या. साठी उलटलेली, पण आवाज खणखणीत. "तपासायचीच आहे ना पिशवी? घरात असतील नसतील तेवढ्या पिशव्या आणते. बसू दे तपासत दिवसभर!"

फक्त एक जण काही बोलली नाही. दुर्बिणीने आपली पिशवी पोटाशी धरली आणि ती खाली मान घालून निघून गेली. त्या दिवशी ती मला बंद करायचीही विसरली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. कापडाचे तागे ठेवायची मागची खोली तिला दिली होती. तिने इस्त्रीचे गादीवाले टेबल आत ओढून घेतले, त्यावर स्वच्छ चादर घातली, दाराला पडदा लावला. मग बॅग उघडली आणि तोंडाने 'च्च' केले. बसच्या गर्दीत तिच्या दिव्याचा चुरा झाला होता.

"मला एक दिवा लागेल, पांढऱ्या उजेडाचा," ती मास्तरला म्हणाली. मास्तरने तपासणीच्या टेबलाकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच. त्याने मला उचलून तिच्या हातात दिले. सिस्टरने माझी मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली आणि म्हणाली, "वा! माझ्यापेक्षा हा बरा वाकतोय."

तेवढ्यात मावशी आल्या. खरोखरच पाच पिशव्या घेऊन. त्यांनी त्या एकामागून एक सिस्टरच्या पुढ्यात उलट्या केल्या. एक कंगवा, चष्म्याचे घर, कांदे, जुनी वर्तमानपत्रे, एकच मोजा. "घ्या! तपासा! बटण सापडलं तर मला फासावर द्या."

सिस्टर कांद्यांकडे बघत राहिली. मग पडदा बाजूला करून तिने लांबूनच फळा वाचला, आणि ती एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अहो मावशी, ही पिशवी नाही हो! पोटातली पिशवी!"

मावशींनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "मेल्या मास्तरा!" आणि त्याही हसत सुटल्या. बाहेर बातमी पोचायला वेळ लागला नाही. मशीन, कात्र्या थांबल्या आणि सगळी खोली खो खो हसू लागली. मास्तर ताग्यांच्या ढिगाआड जाऊन उगीचच मोजमाप करू लागला.

हसण्याने भीती थोडी सैल होते, हे मी त्या दिवशी पाहिले. सिस्टरने सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितले. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर व्हायचा असेल तर तो एका दिवसात होत नाही. आधी कित्येक वर्षे तिथे बारीकसा बदल होत असतो. तो दुखत नाही, खुपत नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून तिथे लावायचा आणि एक मिनिट थांबायचे. जिथे बिघाड असण्याची शंका आहे, तिथे पांढरा डाग उमटतो.

"व्हिनेगर? काचा पुसायचं?" एकीने विचारले.

"तेच. म्हणून तर स्वस्त. कापूस, व्हिनेगर, एक चांगला दिवा आणि बघणारा शिकलेला माणूस. एवढंच लागतं."

चांगला दिवा! मित्रांनो, माझी छाती टोपीएवढी फुगली.

मग तिने छाती स्वतः कशी तपासून पाहायची ते दाखवले. तीन बोटांची पेरे सपाट ठेवून हळूहळू गोल फिरवायची. शिवणाऱ्या बायकांना ते लगेच जमले. कापडातली दोऱ्याची गाठ त्यांची बोटे डोळे मिटून शोधतात. एका मशीनवालीला गाठ लागलीही. तिला सिस्टरने चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात पाठवले. ती साधीच गाठ निघाली, पण ते नंतर कळले.

त्या दिवशी पडद्याआड मी जे पाहिले ते मी कोणाला सांगणार नाही. दिव्याने उजेड द्यावा आणि तोंड मिटून असावे. एवढेच सांगतो की बायका आत येताना मुठी आवळून यायच्या आणि जाताना पदर झटकून जायच्या. मावशी म्हणाल्या, "माझी पिशवी म्हणजे आता रिकामी झोळी. त्यात काय बघायचं?" तरी त्यांनी तपासून घेतले. प्रत्येकीला सिस्टर तोच प्रश्न विचारी, "पाळी नसताना मधेच अंगावरून रक्त जातं का?"

मावशी खाली उतरता उतरता या प्रश्नावर थबकल्या. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "चिंध्या."

"काय?"

"काही नाही. सिस्टर, तुम्ही कधी जाणार?"

"पाचची बस आहे. मग एकदम पुढच्या वर्षी."

कातरणाच्या टोपलीतून मऊ तुकडे कमी होतात, हे मावशींना महिनोन् महिने दिसत होते. दुर्बीण लेकींसाठी उशी भरत असेल असे समजून त्यांनी काणाडोळा केला होता. आता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला तर वाटत होते की माझी तार तोडून ओरडावे, "जा, तिला घेऊन या!" पण मावशींना माझ्या ओरडण्याची गरज नव्हती. त्या पाचही पिशव्या तिथेच टाकून निघाल्या.

पुढचे मी पाहिले नाही, मावशींनीच नंतर सिस्टरला सांगितले. दुर्बीण घरी उंबऱ्यावर बसली होती. मावशींना बघून तिची पाचावर धारण बसली. आत जाऊन तिने एक गाठोडे आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "सगळ्या धुऊन वाळवून ठेवल्यात मावशी. एकही फेकली नाही. परत घेऊन जा, पण मास्तरला सांगू नका. माझं काम जाईल."

मावशी म्हणाल्या, "अगं बयो, चिंध्या कोण मागतंय? तू चल."

साडेचार वाजता त्या दोघी आल्या. सिस्टरने सामान भरले होते, बॅगेची चेन लावली होती. तिने दुर्बिणीच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता चेन पुन्हा उघडली. मला पुन्हा जोडले. माझ्या उजेडात सिस्टरच्या मनगटावरचे घड्याळ चमकत होते. पाचची बस जाणार हे तिला दिसत होते, तरी तिचा हात घाई करत नव्हता.

कापूस लावला. एक मिनिट. मित्रांनो, मिनिट केवढे मोठे असते हे मला तोवर माहीत नव्हते. दुर्बीण छताकडे बघत होती. मावशींनी तिचा हात धरला होता. मी शक्य तितका स्थिर राहिलो. साठ सेकंद संपायच्या आतच डाग उमटला. दाट, पांढरा, कडा स्पष्ट असलेला. मी हजारो शर्टांवर पांढऱ्यातले पांढरे शोधले होते. हे पांढरे मला मुळीच शोधावे लागले नाही. सिस्टरचा हात माझ्या मानेवर घट्ट झाला.

दुर्बिणीला ते न सांगताच कळले. जन्मभर उजेडात चुका शोधणारी बाई ती. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. दुरुस्ती की बाद?"

सिस्टरला आधी अर्थ कळला नाही. मावशींनी रडत रडत तीन टोपल्यांचे सांगितले. मग सिस्टर स्टूल ओढून तिच्या उशाशी बसली. तिचा मोठा आवाज एकदम खाली आला.

"डाग आहे. सगळेच डाग कॅन्सरचे नसतात. पण तू म्हणतेस सात महिने रक्त जातंय, म्हणून मला तो आवडला नाही. मोठ्या हॉस्पिटलात बारीकसा तुकडा काढून तपासतील, तेव्हा नक्की कळेल. मी खोटं बोलणार नाही. पण मला विचारशील तर दुरुस्ती. आत्ता गेलीस तर."

"घरी विचारून सांगते."

"घरी विचारायचं नाही. घरी सांगायचं."

दुर्बीण उठून बसली. तिने डोळे पुसले, साडी सारखी केली आणि चिठ्ठी घेऊन घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. जाताना तिने सवयीने पदराने माझी टोपी पुसली. सिस्टरची बस अर्थातच चुकली. सिस्टरने मास्तरकडे मला मागितले, तेव्हा तो ताबडतोब म्हणाला, "न्या, न्या." त्या फळ्यापायी आपण काय करून बसलो होतो, हे त्याला आता कळले होते. त्याच्याने कोणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

अशा रीतीने माझी नोकरी बदलली. सिस्टरच्या बॅगेत, जुन्या टॉवेलात गुंडाळून मी वर्षभर फिरलो. विटांच्या भट्टीवर, भाजीमंडईच्या मागच्या खोलीत, झाडूवाल्या बायकांच्या विसाव्याच्या जागी. किती जणींना मी उजेड दाखवला त्याची गणती नाही. बहुतेक सगळ्या पास झाल्या. काहींची दुरुस्ती निघाली. पण दर वेळी ते एक मिनिट सुरू झाले की मला एकच बाई आठवायची. ती गेली का हॉस्पिटलात? की चिठ्ठी कुठल्या तरी डब्यात पडून आहे? सिस्टरला ठाऊक असेल, पण ती दिव्याशी कशाला बोलेल? आणि मी तरी कोणाला विचारणार? टॉवेलाच्या अंधारात मी नुसता झुरत राहिलो.

वर्षाने आम्ही पुन्हा त्या कारखान्यात गेलो. मास्तरने या वेळी फळ्यावर पूर्ण शब्द लिहिला होता. अक्षर जरा बारीक होते, पण शब्द पूर्ण होता. सिस्टरने मला टॉवेलातून काढले आणि तपासणीच्या टेबलावर क्षणभर ठेवले. खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. तिने शर्ट उजेडात धरला, बाही उलटली आणि म्हणाली, "पास." दुर्बिणीच्या जागी दुसरी बसली होती. मला वाटले, संपले.

मागच्या खोलीत बायकांची रांग लागली. पण पहिलीच मुलगी आत यायला तयार होईना. मशीनवर नवीन लागली होती, भेदरलेली होती. सिस्टरने समजावले, मावशींनी समजावले, तिचे आपले एकच पालुपद. "मला नको. काही निघालं तर? मला कळायलाच नको."

तेव्हा रांगेच्या मागून एक आवाज आला. शांत, जरा थकलेला.

"मलाही कळायला नको होतं. मला कॅन्सर होता."

तो शब्द तिथे सिस्टरखेरीज आजवर कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. आजाराचे नाव घ्यायची वेळ आली की लोक 'ते' म्हणायचे, हाताने खूण करायचे.

"पोटातली पिशवी काढली त्यांनी. तीन महिने घरी होते. आमच्या रंगाऱ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ब्रश खाली ठेवून भाकऱ्या थापल्या, जाड जाड, आणि आम्ही मुकाट्यानं खाल्ल्या. डॉक्टर म्हणाले, अजून सहा महिने थांबली असतीस तर आम्ही काही करू शकलो नसतो." मग तिचा आवाज पडद्याजवळ आला. "पिशवी गेली. मी राहिले. चल आत, मी दिवा धरते."

पडदा बाजूला झाला आणि ती आत आली. अंगाने अजून उतरलेली, केस जरा जास्त पांढरे. पण तीच नजर. नंतर समजले की तिने टेबल तरुण मुलीला शिकवून दिले होते आणि ती आता बसून करायचे हलके काम करत होती. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय झाले हे मी तुम्हाला कसे सांगू? दिव्याला रडता येत नाही. मी दोनदा लुकलुकलो, तर सिस्टर म्हणाली, "बल्ब सैल झाला वाटतं."

एव्हाना माझी मान खरेच सैल झाली होती. वाकवली की पडायची. म्हणून त्या दिवशी दुर्बिणीने मला दोन्ही हातांनी धरून ठेवले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिचे हात भरून आले, पण तिने मला खाली ठेवले नाही. त्या भेदरलेल्या मुलीची तपासणी झाली आणि ती पास झाली. त्यानंतर दर वर्षी त्या कारखान्यातली तपासणी असली की दुर्बीण दिवा धरायला हजर असे.

आता मी म्हातारा झालो आहे. सिस्टरने कपाळावर बांधायचा दिवा घेतला. तो बॅटरीवर चालतो, त्याला मान नाही आणि तारही नाही. मी दवाखान्यातल्या कपाटावर, कागदी खोक्यांच्या मागे पडून असतो. कोणी माझी टोपी पुसत नाही. वाईट वाटते, नाही असे नाही. पण माझ्यावरची धूळ पुसा असे सांगण्यासाठी मी तुम्हाला हाक मारलेली नाही. मी एक वस्तू आहे. मी मोडलो तर दुसरा दिवा येईल.

माझे मागणे वेगळे आहे. आज घरी गेलात की आईला विचारा, "आई, तुझी तपासणी झाली का?" मावशीला विचारा, काकूला विचारा, जी तुमच्या घरी भांडी घासायला येते तिलाही विचारा. त्या हसतील, विषय बदलतील, तुम्हाला अभ्यासाला बसवतील. "मला काय धाड भरलीय?" असे म्हणतील. दुर्बीणही सात महिने स्वतःला तेच सांगत होती. तुम्ही तेवढ्यावर गप्प बसू नका. त्या उठून पायात चपला सरकवेपर्यंत विचारत राहा.